माणसं एकीकडे, वस्तू दुसरीकडे

ऑफिसची मेल फार गोड भाषेत लिहिलेली होती, आणि गोड भाषेतल्या मेलचा ताईला चांगलाच अनुभव होता. घरून काम करणाऱ्या सर्वांनी घरातली स्मार्ट उपकरणं, म्हणजे फोनवरून चालणारे दिवे, कुलपं, कॅमेरे वगैरे, वेगळ्या वायफायवर टाकावीत. कामाचा लॅपटॉप आणि ही उपकरणं एकाच वायफायवर आढळली तर घरून काम करायची सवलत नाइलाजाने काढून घ्यावी लागेल. खाली शुभेच्छा, आणि शुभेच्छांखाली एक हसरा चेहरा.

त्या हसऱ्या चेहऱ्याचा अर्थ ताईच्या घरापुरता अगदी सरळ होता. सवलत गेली की तिला ऑफिसात जावं लागणार, आणि ती ऑफिसात गेली की बाबांपाशी बसायला कोणी नाही. माणूस ठेवून पाहिलं होतं. एकीला बाबांनी चहाचा कप फेकून मारला, दुसरी आपणहूनच यायची बंद झाली. मग उरत होती ती बागेपलीकडची इमारत, जिथे म्हातारी माणसं भिंतीला पाठ लावून ओळीने बसलेली असतात आणि दार वाजलं की सगळी एकदम मान वर करतात. ताई एकदा ती पाहून आली होती. बाबांना तिथे ठेवायचं नाही हे तिने परतीच्या वाटेवरच ठरवलं, आणि तेव्हापासून त्या ठरवण्याचं ओझं ती एकटी वाहत होती.

तर रविवारी दुपारी, बाबांचा डोळा लागलेला पाहून ती राउटरसमोर फरशीवर बसली आणि तिने धाकट्या भावाला फोन लावला.

घरातला हा सगळा पसारा धाकट्याचाच. तो दूरच्या शहरात असायचा, त्याला यायला काही केल्या जमायचं नाही, मग तो वस्तू पाठवायचा. बाबा अंधारात धडपडले, तर आपोआप लागणारे दिवे आले. बाबा अनवाणी रस्त्यावर निघून गेले, तर बोट लावून उघडणारं कुलूप आणि दारावरचा कॅमेरा आला. आई गेली तेव्हा तो स्वतः येऊन गेला खरा, पण परत जाताच गीझरचं बटण आलंच. शेवटी बाबांच्या मनगटावर घड्याळ आलं. बाबा पडले, दाराबाहेर गेले, छातीचे ठोके चुकले, की ते ताईच्या फोनवर ठणाणा करायचं. माया होती, नाही असं नाही. पण ती कुरिअरने यायची आणि सही ताईला करावी लागायची.

"एवढं काय त्यात, ताई," धाकटा म्हणाला. मागे कुठेतरी पोरांचा दंगा चालला होता. "तुझ्या राउटरमधून पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढता येतं. डबा एकच, वायफाय दोन. त्या बाजूचं या बाजूला दिसत नाही, या बाजूचं त्या बाजूला नाही. एकीकडे चोर शिरला तरी दुसरीकडे त्याची डाळ शिजत नाही."

"आणि हे बल्ब? एकेक पुन्हा जोडत बसू? मागे एका बल्बपायी रडकुंडीला आले होते मी."

"तीच तर गंमत आहे. बल्बांना हातच लावायचा नाही. घराचं जुनं नाव आणि जुना पासवर्ड त्या पाहुण्यांच्या वायफायला देऊन टाक. वस्तूंना फक्त नाव कळतं गं. जुनं नाव दिसलं की गपचूप तिकडे जाऊन बसतील. आपण नवीन नाव घ्यायचं. माणसं एकीकडे, वस्तू दुसरीकडे. संपला विषय."

तिने तो सांगेल तसं केलं. राउटरचे दिवे विझले, थोडा वेळ सगळं घर आंधळं झाल्यासारखं वाटलं, आणि मग घरातल्या बोळातला दिवा लुकलुकला, पाठोपाठ स्वयंपाकघरातला, मग बाबांच्या खोलीतला. एकेक वस्तू पलीकडे जात असल्याची ती खूण होती. लॅपटॉप आणि आपला फोन ताईने नव्या नावावर घेतला.

"आणि बाबांचं घड्याळ?" धाकट्याने विचारलं. "ते कुणीकडे घेतेस?"

ताईने बाबांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. घड्याळ या बाजूला आणायचं म्हणजे बाबांना उठवायचं, त्यांचा हात धरायचा, ते हात ओढणार, कोण तू म्हणून विचारणार, आणि घड्याळाच्या त्या नखाएवढ्या पडद्यावर तिला एकेक अक्षर दाबत बसावं लागणार. रात्री बाबा सारखे उठत होते. सकाळी तिने त्यांच्यावर आवाजही चढवला होता, किती वेळा सांगू तुम्हाला म्हणून, आणि तो तिचा तिलाच लागला होता. तिच्या पाठीत कळ येत होती. अंघोळसुद्धा व्हायची होती अजून.

"असू दे तिकडेच," ती म्हणाली. "वस्तूच ना ती."

"बरं," धाकटा म्हणाला, आणि पोरांवर ओरडत त्याने फोन ठेवला.

आपण काहीतरी चुकीचं बोललो असं ताईला वाटून गेलं. पण उठून ते निस्तरण्याइतकं त्राण अंगात नव्हतं. ती तिथेच भिंतीला डोकं टेकून बसली आणि बसल्या जागी तिला झोप लागली.

जाग आली तेव्हा भिंतीवरचं ऊन उतरून फरशीच्या कडेला आलं होतं. इतका वेळ तिला कोणी झोपू दिलं होतं, हेच आधी खरं वाटेना. बाबा जागे असले की घटकाभरही स्वस्थ राहायचे नाहीत. अगं ए, पाणी. अगं ए, पडदा. अगं ए, तुझी आई कुठे गेली. ताईचा सारा दिवस 'आले, आले' म्हणण्यात जायचा. आज एकही हाक नव्हती. ती उठली आणि बोळातून धावतच गेली.

खोलीच्या दारापाशी तिला बाबांचं हसू ऐकू आलं.

बाबा उशीला टेकून बसले होते. समोरच्या खुर्चीकडे त्यांचं तोंड होतं आणि त्या रिकाम्या खुर्चीला ते आपल्या नोकरीतली साहेबाच्या टोपीची गोष्ट सांगत होते. ही गोष्ट ताईने लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की तिला ती पाठ होती. पण गेल्या वर्षभरात बाबांना तिचं सुरुवातीचं वाक्यसुद्धा आठवत नव्हतं. आता ते मध्येच थांबत, कान देत, "हो ना, तेच तर," म्हणत आणि पुढे सांगत.

"बाबा, चहा ठेवू?" ताईने विचारलं.

बाबांनी मान वळवली नाही. ती पलंगाशी गेली, पुढे वाकली, त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. त्यांची नजर तिच्यातून आरपार खुर्चीकडेच जात राहिली. त्या नजरेत विसरभोळेपणा नव्हता. ती स्वच्छ होती, आणि म्हणूनच ताईला तिची भीती वाटली.

"बाबा!" ती जोरात म्हणाली.

बाबांनी खांदे जरा आवळले. "वारं येतंय बघ," ते खुर्चीला म्हणाले. "खिडकी लावतेस?"

आणि ताईने, रोजच्या सवयीने, जाऊन खिडकी लावली.

"शहाणी माझी ती," बाबा म्हणाले, खुर्चीला.

मग तिला बाकीचं दिसलं. बाबांचे केस विंचरलेले होते, भांग पाडलेला होता. सदऱ्याची बटणं ज्या त्या काजात होती. आणि नखं... नखं कापलेली होती. आठवडाभर ती नेलकटर घेऊन त्यांच्या मागे होती आणि ते मुठी घट्ट मिटून घेत होते. आता दहाही बोटं साफ होती, आणि उशाच्या टेबलावर कागदाच्या पुडीत नखांचे तुकडे नीट गोळा करून ठेवलेले होते. खोलीत औषधांचा कुबट वास नेहमीचा. त्याच्यावर आज दुसरा वास होता, नुकतीच अंघोळ करून आलेल्या माणसाचा, साबणाचा.

आई... ताईच्या मनात आलं.

खरं सांगायचं तर ती भ्यायली, पण तिला बरंही वाटलं. आई आली असेल तर येऊ दे बिचारी. निदान कोणीतरी आलं. ती दारातच खाली बसली आणि थोडा वेळ नुसती ऐकत राहिली. पलीकडचा आवाज तिला ऐकू येत नव्हता. बाबांचाच येत होता, आणि मध्ये मध्ये गप्प जागा, कोणीतरी काहीतरी बोलत असल्याएवढ्या लांब.

स्वयंपाकघरात जाऊन तिने धाकट्याला फोन केला. आवाज तिने का खाली आणला ते तिचं तिलाच कळलं नाही.

"अरे, बाबांना मी... मी दिसत नाहीये त्यांना. ऐकूही येत नाही."

"त्यांचं असं होतंच ना हल्ली."

"असं नाही रे. ते बोलताहेत, व्यवस्थित बोलताहेत. फक्त माझ्याशी नाही..."

धाकटा हसला. तो घाबरला की असाच हसायचा. "म्हणजे वेगळं वायफाय नीट झालं म्हणायचं. त्या बाजूचं या बाजूला दिसत नाही." आणि लगेच आवाज उतरवून म्हणाला, "ताई, ऐक. तू घड्याळ या बाजूला घे बघू. उगाच. माझ्या समाधानासाठी."

तिने घेतलं. बाबांनी हात ओढला नाही, कारण आपला हात कोणी धरलाय हेच त्यांना जाणवत नव्हतं. ते बोलत राहिले आणि ती त्यांच्या मनगटावर वाकून नव्या नावाचं एकेक अक्षर दाबत राहिली. शेवटचं अक्षर दाबलं, घड्याळ थरथरलं, आणि बाबांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग खोलीभर पाहिलं. मग त्यांना ताई दिसली. ताईचा जीव भांड्यात पडला.

"कुठे गेली?" बाबांनी विचारलं.

"कोण, बाबा? आई आली होती का?"

"आई कशी येईल?" बाबा चमकून म्हणाले. "ती तर वारली. ठकू होती. आता इथे होती."

 ठकू म्हणजे ताईच. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहायची म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव, घरात दुसरं कोणी ते घ्यायचं नाही. बाबांच्या तोंडून ते ऐकून तिला किती दिवस झाले होते याचा हिशेबही तिने सोडून दिला होता.

"मीच ठकू, बाबा," ती म्हणाली.  "बघा ना माझ्याकडे. मीच."

बाबांनी खरंच पाहिलं. फार निरखून, सभ्यपणे पाहिलं, दारात आलेल्या परक्या माणसाकडे पाहावं तसं.

"नाही हो," ते म्हणाले. "ती अशी नाही. ती ओरडत नाही... आणि तुम्ही फार दमलेल्या दिसता. बसा जरा. घरी कोणी नाही का तुमच्या, करणारं?"

 त्यांनी शिवी दिली असती तर तिने सोसली असती, त्याची सवय होती. त्या 'तुम्ही'ने ती आतून मोडली. ती म्हणाली, आहे ना, तुम्हीच आहात माझे. बाबांनी नकाराची मान हलवली आणि ते ठकूला हाका मारू लागले. आधी हळू, मग मोठ्याने, मग लहान मूल गर्दीत हात सुटल्यावर रडतं तसे रडत. सूप आणलं तर त्यांनी ओठ मिटून घेतले. गोळी थुंकली. उठून दाराकडे निघाले, पाय अडखळले, ताईने सावरलं तर तिच्या दंडावर त्यांची बोटं उमटली. ऊन गेलं, खोलीत संध्याकाळ शिरली, पलीकडे गेलेला दिवा आपोआप लागला, आणि हाका चालूच होत्या. ठकू. अगं ठकू. आणि ठकू तिथेच, त्यांच्या पायाशी, कानांवर हात ठेवून बसली होती.

पुढे तिने जे केलं त्याला तुम्ही आम्ही नावं ठेवू शकतो. पण जो त्या खोलीत इतकी वर्षं बसलेला नाही त्याने ठेवू नयेत. तिने बाबांचा हात धरला आणि घड्याळ पुन्हा जुन्या नावावर टाकलं. फक्त गोळी पोटात जाईपर्यंत, तिने स्वतःला बजावलं.

बाबांचा चेहरा उजळला. "आलीस होय," ते म्हणाले. "कुठे गेली होतीस गं? कोणीतरी बाई आली होती..."

ते सूप प्यायले. ताईने चमचा उचलला नव्हता. वाटीवर तिची नजर खिळलेली होती तोवर ती भरलेलीच होती. डोळे पुसायला तिने पदर तोंडाशी नेला, आणि पदर खाली आला तेव्हा वाटी रिकामी होती, बाबांच्या हनुवटीवर एक थेंबही नव्हता.

गोळ्यांची पट्टी मात्र संपली होती, मघा थुंकली ती शेवटची. औषधांचं दुकान गल्लीच्या टोकाला. एरवी तेवढ्या अंतरासाठी ताई शेजाऱ्यांच्या हातापाया पडायची, फोनवर कॅमेरा लावून धावत जायची, धापा टाकत परत यायची. आज ती दारात थबकली आणि तिच्या मनात जे आलं त्याची तिला लाज वाटली. आहे ना कोणीतरी त्यांच्यापाशी. तिने चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.

बाहेर दुकानांचे दिवे लागले होते. औषधवाल्याने तिच्याकडे पाहून बरं नाही का म्हणून विचारलं आणि ती म्हणाली, मला कुठे काय झालंय. परत निघाली खरी, पण दुकानाशेजारच्या बाकावर टेकली. लोक येत जात होते. कोणी तिला हाक मारत नव्हतं. कोणाला पाणी नको होतं. हवेत कसल्याशा ताज्या भाजलेल्या पावाचा वास होता आणि तो तिला पोटभर घेता आला. परत जायचं, घड्याळ या बाजूला घ्यायचं, आणि कितीही रडले तरी बाबांना आपल्याकडेच ठेवायचं, असं तिने तिथे बसून पक्कं केलं. ती त्यांची मुलगी होती. चिडकी असेल, दमलेली असेल, पण खरी होती. अंधार पडल्यावर ती उठली. मनात निश्चय असला की पायऱ्या चढतानाही पाय हलके पडतात.

दारापाशी येऊन तिने कुलपावर बोट टेकवलं. कुलूप नुसतं वाजलं, उघडलं नाही. बोट पदराला पुसून पुन्हा टेकवलं. दुसरं बोट. दुसरा हात. कुलूप तेवढ्याच नम्रपणे नाही म्हणत राहिलं. तिने फोनवरून उघडायला घेतलं, तर या बाजूच्या फोनला त्या बाजूचं कुलूप दिसेना. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. आणि आत काहीतरी छान शिजत असल्याचा गरम वास.

"बाबा!" तिने दारावर हात मारला. "बाबा, मी आहे, दार उघडा..."

ते कसं उघडणार, हे हात मारतानाच तिला कळत होतं. मग तिने घंटेचं बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती निळा दिवा लागला, म्हणजे आतून कोणीतरी तिच्याकडे पाहत होतं. कॅमेऱ्यातल्या, आवाज येतो त्या जाळीतून थोडी खरखर आली, आणि खरखरीमागून लांबून बाबांचा आवाज.

"कोण आहे गं? ...ती मघाची बाई असेल. तिला काही बोलू नकोस. दमलेली आहे बिचारी."

"नाही बोलत, बाबा. तुम्ही जेवा सावकाश," जाळीजवळून कोणीतरी म्हणालं.

 तो आवाज ताईचाच होता. शब्दाच्या शेवटी किंचित वर चढणारा, बाबांना आवडायचा तो. त्यात घाई नव्हती, त्रागा नव्हता. आणि तोच आवाज आता जाळीच्या अगदी जवळ येऊन, फार आपुलकीने तिला म्हणाला,

"कोण हवंय आपल्याला?"

झोप पुरी झालेल्या माणसाचा आवाज होता तो.